पंचवीस ओव्यांचा नित्यपाठ

सज्जनहो, कीर्तन आटोपून आम्ही घटकाभर विसाव्याला टेकलो, म्हणजे एक प्रश्न हमखास पुढे येतो. “बुवा, आमचं शिकायचं राहून गेलं. आता या वयात काय वाचावं, म्हणजे चार गोष्टी कळतील?” विचारणारा कधी शेतकरी असतो, कधी गिरणीतून निवृत्त झालेला कामगार असतो, कधी नातवंडांत रमलेली आजी असते. अलीकडे पदवी घेतलेली तरुण मुलेही हेच विचारू लागली आहेत. त्यांचे गाऱ्हाणे जरा निराळे आहे. “शिकलो खरे, पण नोकरीपुरते. बाकी सगळी पाटी कोरीच.”

या प्रश्नाचा विचार या लेखात करावयाचा आहे.

विद्या दोन प्रकारची असते. एक पोटाची आणि एक मनाची. पोटाची विद्या आवश्यकच आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. हिशेब, वैद्यकी, सुतारकी, यंत्रे चालवणे यांवाचून संसार होत नाही. पण माणसाला स्वतःच्या मताबाहेर पाहता यावे, दुसऱ्याचे म्हणणे समजून घेता यावे, सुखदुःखात बुद्धी ठिकाणावर राहावी, यासाठी दुसरी विद्या लागते. पाश्चात्त्य देशांत तिला उदार शिक्षण म्हणतात. आपल्याकडे तिच्यासाठी जुना शब्द आहे, बहुश्रुतता. हा शब्द नीट पाहावा. ‘श्रुत’ म्हणजे ऐकलेले. म्हणजे बहुश्रुत होण्यासाठी पदवी लागत नाही. थोर ग्रंथ कानावर पडावे लागतात, आणि ते रोज पडावे लागतात.

आमचे सांगणे एवढेच आहे: थोडे वाचावे, रोज वाचावे, अर्थासह वाचावे, आणि वाचलेल्याविषयी दुसऱ्याशी बोलावे. या चार गोष्टी साधल्या, तर घर हीच पाठशाळा होते.

हे काही आमच्या पदरचे नाही. तुकोबांचे उदाहरण घ्या. त्यांचा व्यवसाय वाण्याचा. पंडितांच्या पाठशाळेत त्यांचे शिक्षण झाले नाही. आरंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते, म्हणून संतांची काही वचने आदराने मुखोद्गत केली, असे ते स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगात सांगतात. आज त्यांच्या गाथेत साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत. अलीकडचे उदाहरण प्राचार्य शंकर वामन दांडेकर, म्हणजे आपले सोनोपंत मामा, यांचे. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारा हा गृहस्थ जोग महाराजांचा शिष्य आणि नेमाचा वारकरी होता. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आणि ज्ञानेश्वरी ही दोन्ही एका माणसात सुखाने नांदू शकतात, हे त्यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

आता कोणी म्हणेल, ज्ञानेश्वरी हा भक्तीचा ग्रंथ. त्याने मोक्ष मिळेल, पण त्याने माणूस बहुश्रुत कसा होईल? याचे उत्तर त्या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० साली नेवाशास ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या आरंभी माउलींनी गणेशाचे स्तवन केले आहे. हा गणेश निराळा आहे. तो ॐकाररूप आहे आणि त्याचा देह वाङ्मयाचा आहे. स्मृती हे त्याचे अवयव. अठरा पुराणे हे त्याच्या अंगावरचे रत्नालंकार. काव्ये आणि नाटके या त्याच्या रुणझुणणाऱ्या घागऱ्या. सहा दर्शने हे त्याचे सहा हात. त्यांतल्या एका हातात तर्काचा परशू आहे, दुसऱ्यात नीतीचा अंकुश, तिसऱ्यात वेदान्ताचा मोदक. पूर्वमीमांसा आणि उत्तरमीमांसा हे त्याचे दोन कान. सरळ सोंड म्हणजे विवेक, आणि शुभ्र दात म्हणजे संवाद.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. व्याकरण, काव्य, नाटक, पुराण, तर्क, नीती, तत्त्वज्ञान हा सारा अभ्यासक्रम वीस ओव्यांत मांडला आहे. शिवाय तो यादीसारखा नाही. एका देहाचे अवयव जसे एकमेकांना धरून असतात तसा आहे. नाटकाला देवाच्या अंगावर जागा आहे, तर्कालाही आहे. ज्ञानाची कोणतीही शाखा परकी नाही, हा पाठ पहिल्याच दिवशी मिळतो.

याच गणेशापाशी आमची एकदा चांगली फजिती झाली. ती सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमचे शिक्षण जुन्या पद्धतीच्या पाठशाळेत झाले. अमरकोश पाठ, लघुकौमुदी पाठ, तर्कसंग्रह झालेला, रघुवंशाचे सर्ग झालेले. त्या बळावर आम्ही कीर्तनाला उभे राहू लागलो. लोक ‘शास्त्री’ म्हणत, आणि आम्हाला ते गोड वाटे. ज्ञानेश्वरीतल्या शे-दोनशे ओव्या प्रमाणापुरत्या पाठ होत्या. सबंध ग्रंथ ओळीने, सावकाश, असा आम्ही वाचलेला नव्हता. हे कोणाला ठाऊक नव्हते. आम्हाला मात्र होते.

आम्ही तेव्हा चाळिशीत होतो. आषाढीच्या वाटेवर एका मुक्कामी आमचे प्रवचन झाले. पांगापांग झाल्यावर परभणीकडच्या एक आजी पुढे आल्या. हातात कापडात गुंडाळलेली पोथी. नातीच्या पाटी-पुस्तकावरून उतारवयात अक्षरओळख करून घेतलेली ही बाई. म्हणाल्या, “बुवा, एक इचारू का? गणपतीच्या एका हातात मोडका दात हाय, अन् पोथीत म्हणलंय, ते बौद्धमत. मग आपले संत तर इठ्ठलालाच बुद्ध म्हणत्यात. हे कसं जुळायचं?”

प्रश्न सरळ होता, आणि खोल होता. उत्तर आम्हाला आले नाही. आले नाही असे म्हणण्याचे धैर्यही झाले नाही. आम्ही म्हणालो, “आजी, ते शास्त्रातलं आहे. तुम्हाला नाही कळायचं.” त्यांनी “बरं” म्हटले, पोथी पुन्हा कापडात गुंडाळली आणि त्या आपल्या दिंडीकडे निघून गेल्या.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. प्रश्न विचारणाऱ्याला अज्ञानी ठरवून आपले अज्ञान झाकणे, हे आम्ही आमच्याहून वडील अशा एका वारकरी माउलीशी केले होते. घरी परतल्यावर आलेल्या एकादशीला आम्ही पहिली ओवी वाचायला घेतली, आणि रोज वाचू लागलो.

वाचता वाचता उत्तर हाती आले. वार्तिककारांनी, म्हणजे कुमारिलभट्टादी मीमांसकांनी, बौद्धमताचे खंडन केले. खंडन म्हणजे मोडणे. म्हणून तो दात मोडका. हा झाला दर्शनांचा वाद. उलट बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार, आणि विटेवर मौन उभा असलेला विठ्ठल तोच, ही संतांची श्रद्धा. एकीकडे मतांची झुंज आहे, दुसरीकडे पुरुषाविषयीचा आदर आहे. दोन्ही एकाच परंपरेत राहिले.

पुढच्या वारीत आम्ही त्या आजींना शोधून काढले. आधी क्षमा मागितली, मग हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बुवा, मला तर दुसऱ्या खेपेला वाचताना येवढंच दिसलं, की दात मोडका असला तरी देवानं टाकला न्हाई. हातात धरलाय.”

आम्ही गप्प झालो. तर्कसंग्रह आम्ही शिकलो होतो, पण हे आम्हाला दिसले नव्हते. ज्या मताचे खंडन झाले तेही गणेशाने आपल्या हातात ठेवले आहे. कारण विरोधी मत ठाऊक असल्यावाचून आपले मत पुरे समजत नाही. उदार शिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असणार? आणि ते त्या बाईला शाळेने दिले नव्हते, रोजच्या वाचनाने दिले होते.

“रोज किती वाचता?” असे आम्ही विचारले. “पंचवीस,” त्या म्हणाल्या. तो आकडा आम्ही तेव्हापासून धरला, आणि तो हिशेबाने किती चोख आहे हे पुढे ध्यानात आले.

ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींत सुमारे ९,००० ओव्या आहेत. प्रतीप्रतींत थोडा फरक पडतो. रोज २५ धरल्या, तर सुमारे ३६० दिवसांत ग्रंथ पुरा होतो आणि वर्षाचे थोडे दिवस उरतात. पाचवा अध्याय १८० ओव्यांचा, तो आठवड्यात होतो. बाराव्याला दहा दिवस पुरतात. तेराव्यात साडेअकराशेच्या वर ओव्या आहेत, त्याला दीड महिना लागतो. अठरावा सर्वांत मोठा, अठराशेच्या वर. तो दोन महिने आणि वर दहा-बारा दिवस घेतो. पंचवीस ओव्या मोठ्याने वाचायला पाच-सात मिनिटे लागतात. अर्थ पाहून पुन्हा वाचल्या तर वीस मिनिटे.

पुढे एकनाथी भागवत घ्यावे. ते भागवताच्या अकराव्या स्कंधावर आहे. नाथमहाराजांनी ते १५७३ साली काशीत पुरे केले. अध्याय ३१ आणि ओव्या अठरा हजारांच्या वर. रोज २५ प्रमाणे दोन वर्षे. नंतर तुकोबांची गाथा, रोज सहा अभंग, तीही साधारण दोन वर्षे. म्हणजे पाच वर्षांत संप्रदायाची प्रस्थानत्रयी अर्थासह वाचून होते. पाच वर्षांत माणूस कॉलेजातून बाहेर पडतो. तेवढ्याच काळात हे शिक्षण घरच्या घरी होते.

ही कल्पना केवळ आपल्याकडेच सुचली असे मात्र नाही. एका मुक्कामात आमचे यजमान निवृत्त प्राध्यापक होते. त्यांच्या घरी एकसारख्या बांधणीच्या पुस्तकांची लांबच लांब ओळ होती. आम्ही कुतूहलाने विचारले, तेव्हा त्यांनी त्या संचाची हकीकत सांगितली. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे चार्ल्स इलियट हे १८६९ पासून १९०९ पर्यंत, चाळीस वर्षे अध्यक्ष होते. पाच फूट लांबीच्या फळीवर मावतील एवढे निवडक ग्रंथ जर कोणी रोज पंधरा मिनिटे लक्षपूर्वक वाचील, तर त्याला उदार शिक्षण घरबसल्या मिळेल, असे ते सांगत. एका प्रकाशकाने ते मनावर घेतले. इलियट यांनी ग्रंथ निवडले आणि १९०९-१० मध्ये ५० खंडांचा संच निघाला. त्यात ग्रीकांचा प्लेटो आहे, होमरचे महाकाव्य आहे, इटलीचा दान्ते आहे, अर्थशास्त्रावरचा अ‍ॅडम स्मिथ आहे, जीवसृष्टीविषयी लिहिणारा डार्विन आहे. पुढे कोणत्या तारखेला कोणता उतारा वाचावा, हे सांगणारी पुस्तिकाही निघाली. म्हणजे तिकडचा नित्यपाठच झाला.

त्या संचाचा पंचेचाळिसावा खंड आमच्या हातात देऊन प्राध्यापक म्हणाले, “बुवा, यात तुमची गीता आहे.” खरोखरच होती. एडविन अर्नोल्ड यांनी इंग्रजी पद्यात केलेले ते गीतेचे भाषांतर १८८५ साली प्रसिद्ध झाले होते. हे अर्नोल्ड १८५७ च्या आगेमागे पुण्यातील सरकारी संस्कृत महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ज्या गीतेवर माउलींनी मराठीत टीका केली, ती पुण्याची वाट चालून अमेरिकेच्या त्या फळीवर जाऊन बसली आहे.

हेच भाषांतर लंडनमध्ये शिकत असताना गांधीजींच्या वाचनात आले. तोवर त्यांनी गीता संस्कृतात वा गुजरातीत वाचलेली नव्हती, आणि त्याची त्यांना लाज वाटली, असे ते आत्मकथेत लिहितात. पुढे दक्षिण आफ्रिकेत वकिली आणि सार्वजनिक कामे यांतून सवड मिळेना, तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. सकाळी दात घासायला पंधरा मिनिटे लागत. समोरच्या भिंतीवर श्लोकांच्या चिठ्ठ्या चिकटवून त्या वेळात ते रोज एक-दोन श्लोक पाठ करीत. असे तेरा अध्याय त्यांनी मुखोद्गत केले. सवड नाही, असे म्हणणाऱ्याने ही हकीकत ध्यानात ठेवावी.

इलियट यांच्या संचापासून आपण एक गोष्ट शिकावी. त्यांनी आपल्या देशाबाहेरचे, आपल्या धर्माबाहेरचे ग्रंथही फळीवर ठेवले. आपणही आपल्या तीन ग्रंथांपाशी थांबू नये. प्रस्थानत्रयी हा पाया. त्यावर महाभारत वाचावे, तुलसीदास वाचावे, कबीर वाचावा. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत. नामदेव पंजाबात पोचतात, आणि आपण दुसऱ्या प्रांताचे वाचायला तयार नसावे, हे बरे दिसत नाही.

आता वाचावे कसे, ते अनुभवाने सांगतो.

पहिली गोष्ट, वेळ आणि जागा ठरलेली असावी. हरिपाठ म्हणणाऱ्याला नेम नवा नाही. त्यालाच हा पाठ जोडून घ्यावा. दुसरी, वाचन मोठ्याने करावे. ओवी कानाची आहे. डोळ्यांनी वाचली तर निम्मी राहते. शिवाय घरातल्या न वाचणाऱ्यालाही श्रवण घडते. तिसरी, सार्थ प्रत घ्यावी. आधी मूळ वाचावे, मग अर्थ, मग पुन्हा मूळ. नुसता अर्थ वाचणे म्हणजे दुसऱ्याने जेवल्याची हकीकत ऐकणे. चौथी, एक वही ठेवावी आणि रोज अडलेला एक शब्द तीत लिहावा. वर्षाअखेर तीनशेच्या वर शब्द होतात. तिसऱ्या महिन्यापासून ओवी पुष्कळ मोकळी वाटू लागते, असा आमचा अनुभव आहे. पाचवी, पंचवीसांतली एक आवडलेली ओवी पाठ करावी. रोज न जमल्यास आठवड्याला एक. सहावी, वाचलेले कोणाला तरी सांगावे. सांगताना आपल्याला काय कळले नाही ते कळते.

आणि सातवी गोष्ट. पाठ चुकला तर दुसऱ्या दिवशी पन्नास वाचू नयेत. जेथे खूण आहे तेथून पुन्हा पंचवीस. चुकल्याचा दंड म्हणून वाचन वाढवले की त्याचे ओझे होते, आणि महिन्याभरात पोथी कपाटात जाते. हे आमचे एकदा झाले आहे.

येथे सप्ताहाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. सात दिवसांचे पारायण म्हणजे दिवसाला सुमारे १,३०० ओव्या. तो आनंदाचा सोहळा आहे. गाव एकत्र येते, अन्नदान होते, नामाचा गजर होतो. त्याला कमी लेखण्याचे आमच्या मनातही नाही. पण सप्ताह म्हणजे सणाची पुरणपोळी आणि नित्यपाठ म्हणजे रोजची भाकरी. वर्षातून एकदा पोळी खाऊन अंगात बळ येत नाही. “माझी एकवीस पारायणे झाली” असे सांगणारे आम्हाला भेटतात. त्यांना बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे कोणती सांगितली आहेत, असे विचारले की पुष्कळदा ते गप्प होतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. आम्हीही एके काळी तसेच होतो. पण आकडा वाढतो आणि अर्थ तेथेच राहतो, याची खंत वाटते.

अर्थाची काळजी ही परंपरेचीच शिकवण आहे. लिहिणाऱ्यांच्या हातून ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले, तेव्हा नाथमहाराजांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ साली प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. एकेका शब्दापाशी ते थांबले, म्हणून आज आपल्या हाती नीट पाठ आहे. त्यांनी जो शब्द जपला, त्यावरून आपण धावत जावे, हे योग्य नव्हे.

कोणी म्हणेल, सातशे वर्षांपूर्वीची मराठी आता कळत नाही. पहिल्या दिवशी कळत नाही, हे खरे. पण माउलींचे दृष्टान्त शेत, पाणी, दिवा, आई आणि लेकरू, सोने आणि दागिना यांचे आहेत. ज्याने पाटाचे पाणी बांधले आहे किंवा चुलीवर दूध तापवले आहे, त्याला ते कोशावाचून कळतात. शहरातल्या शिकलेल्या वाचकाला जेथे टीप लागते, तेथे पुष्कळदा खेड्यातली बाई हसून पुढे जाते. मोबाइलवर ग्रंथ मिळतो, तोही वाचावा. अक्षर मोठे करता येते, ही वृद्धांना सोयच आहे. आमच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झाले, त्या दिवसांत नातू त्यावरूनच आम्हाला वाचून दाखवीत असे. वाचता वाचता तोच प्रश्न विचारू लागला. काही प्रश्नांना आम्ही “ठाऊक नाही, उद्या पाहून सांगतो” असे उत्तर दिले. परभणीच्या आजींना आम्ही हे म्हणायला हवे होते.

त्या आजी आता नाहीत. त्यांच्या दिंडीतली मंडळी दोन वर्षांपूर्वी भेटली, तेव्हा कळले की त्यांची पोथी सुनेने घेतली आहे. शेवटची खूण जेथे होती, तेथूनच तिने पुढे पंचवीस वाचायला सुरुवात केली.

वाचकहो, येत्या एकादशीला आरंभ करा. पहिल्या दिवशी गणेश भेटेल. त्याच्या सहाही हातांकडे नीट पाहा, आणि मोडक्या दातापाशी क्षणभर थांबा.

राम कृष्ण हरि.